वळसा

शाल्मली टिळेकर आली सोमवारी,
अप्पा बळवंत चौकातून आणलेला
वह्यांना घालायचा खाकी कागद घेऊन.
कँटीनच्या भिंतीवर तो आडवा चिकटवला,
हात धुवायच्या नळापासून पार घड्याळापर्यंत.
म्हणाली, काका, एक हाउसिंग निवडा, कुठलंही.
आपण त्याच्या मागं मागं चालू.

मी चार किलोचं एक निवडलं,
ओतकामाची वाळू अजून अंगावर असलेलं.
खडूनं खूण केली.
बावीस वर्षं झाली भोसरीत,
पण लोखंडाच्या एका तुकड्यामागं असं
मयतीला निघाल्यासारखं कधी चाललो नव्हतो.

काम झालं की ती चौकोन काढी.
तुकडा नुसता पडून राहिला की त्रिकोण.
तांबोळीच्या लेथवर नऊ मिनिटं: चौकोन.
लेथबाहेर पॅलेटवर तीन दिवस.
ड्रिलिंगची अकरा मिनिटं,
पण त्याआधी रामसजीवन गेज आणायला गेला
टूलरूममध्ये, दोनशे चौदा पावलं,
आणि टूलरूमची चावी जेवायला गेली होती.
गुरुवारी भोसरी बंद,
तुकडाही झोपला. त्याचाही त्रिकोण.
भिंतीवर डोंगरांची रांग उभी राहिली
आणि चौकोन असे, पायथ्याच्या झोपड्या.

बाराव्या दिवशी आम्ही माझ्या टेबलाशी आलो.
पाहुणे आल्यासारखी मी खुर्ची पुढं केली.
इथं काय होतं, काका?
इथं मी बघतो.
काय बघता?
तांबोळीनं बघितलंय ते.

हे माझ्याच तोंडून गेलं
आणि माझ्याच कानावर आलं.

शिक्का: चार सेकंद.
शिक्क्याआधी, रांगेत: तीन दिवस.
पोरगी काही बोलली नाही,
पिवळ्या चिठ्ठीचा गोंद उगाच बोटानं तपासत राहिली.

मग मीच सांगितलं.
नगरहून एकदा लॉट परत आला होता, भोकं तिरकी.
आठल्येसाहेब म्हणाले, तात्पुरतं एक टेबल टाका इथं.
तात्पुरतं.
साहेब रिटायर झाले, डहाणूकर कॉलनीत वारले,
तिरकी भोकं पाडणारं मशीन भंगारात गेलं किलोवर,
टेबल राहिलं,
टेबलामागं मी, माझा शिक्का, निळ्या शाईचं पॅड,
आणि दिवाळीला पुसायची काच.

रात्री रजिस्टरं घरी नेली.
बायको म्हणाली, ऑडिट आहे का?
बावीस वर्षांत मी पकडलेले खराब तुकडे: सहा.
त्यातले दोन माझ्याच हातून खाली पडलेले.

सकाळी तिच्या आधी पोचलो
आणि टेबलाच्या चिठ्ठीवर लाल ठिपका मीच लावला.
यात मोठेपणा काही नाही,
दुसऱ्यानं लावला असता तर जास्त लागला असता.

सतराव्या दिवशी खालच्या रेघेवर बेरीज झाली:
तुकडा गेटातून आत आला तिथपासून
टेम्पोत चढला तिथवर दिवस सतरा,
त्यात त्याच्या अंगाला खरं काम लागलं ते मिनिटं अडतीस.
तांबोळी हसला. म्हणाला,
म्हणजे बसून पगार आपण नाही,
हा तुकडाच घेतोय!
हसता हसता माझ्याकडं बघायचं त्यानं टाळलं.

टेबल चौघांनी उचललं.
खाली कोबा चौकोनी गोरा निघाला,
एक हरवलेलं टोपण, साबुदाणा वड्याचा कागद,
आणि कोणाची तरी राखी.

आता मी तांबोळीच्या शेजारी उभा असतो,
गेज खिशात.
नवीन पोरांना भोक बघायला शिकवतो, पडल्या पडल्या, गरम असतानाच.
पाय दुखतात. माल नऊ दिवसांत जातो.
शाल्मली चाकणला गेली, दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीवर.

पण रामसजीवन अजून ट्रॉली घेऊन येतो
आणि जिथं टेबल होतं तिथं
चाक तिरकं करून वळतो, जपून,
कोपरा लागेल म्हणून.
मोकळा कोबा. मध्ये काही नाही.
काल त्याला हाक मारणार होतो,
अरे, सरळ ये की बाबा,
तोवर चहाचा ग्लास सांभाळत
मीही तिथूनच वळलो होतो.